नोकरीचे दार बंद झाल्यावर बाबासाहेबांनी काय केले?



ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील आपल्या कोणत्याही विहारात वंदना आटोपल्यावर थोडा वेळ बसून पाहावे. पाच-दहा मिनिटांत बोलणे मुलांच्या नोकरीवर येते. मुलगा पदवीधर झाला, टंकलेखन शिकला, संगणक शिकला. अर्ज केले, परीक्षा दिल्या, मुलाखतीही झाल्या. पुढे काही नाही. एके काळी या भागात कारखान्यात किंवा रेल्वेत कोणीतरी कोणाला चिकटवून देत असे. वागळे इस्टेटमधील कितीतरी कारखाने आता उरले नाहीत. कल्याणजवळ मोहने येथील एन. आर. सी. हा मोठा कारखाना २००९ साली बंद पडला आणि त्या चाळींतील घरांची चूल कशी चालली ते त्या घरांनाच ठाऊक. ज्या कुटुंबांनी अलीकडे धम्मदीक्षा घेतली त्यांची अडचण आणखी एका बाजूने आहे. गावकीची हलकी कामे सोडली, देवीच्या नावाने मिळणारे सोडले, गावाशी असलेला जुना देण्याघेण्याचा संबंध तुटला. ते चांगलेच झाले. परंतु शहरात नवा संबंध अजून जडलेला नसतो.

अशा वेळी मुलांना बाबासाहेबांच्या पदव्या सांगितल्या जातात. ते योग्यच आहे. परंतु त्या पदव्या हातात असताना खुद्द बाबासाहेबांना नोकरी मिळेना, तेव्हा त्यांनी पोटापाण्यासाठी काय काय केले, हा भाग आपल्याकडे घाईघाईने उरकला जातो. बडोद्याचा अपमान सर्वांना पाठ असतो. तेथून वक्ते एकदम महाडच्या तळ्यावर येतात. १९१७ सालचा सप्टेंबर आणि १९२७ सालचा मार्च यांच्यामध्ये जवळजवळ दहा वर्षे आहेत, आणि त्या दहा वर्षांत एका बेकार विद्वानाचा स्वतंत्र धंदेवाईक मनुष्य कसा झाला, हीच आजच्या आपल्या घराघरांतली गोष्ट आहे.

प्रारंभ थोडा मागून करावयास हवा. भीमरावांचे वडील रामजी सकपाळ हे लष्करात सुभेदार होते. त्या काळी महार समाजाला इज्जतीने पगार मिळवून देणारी जवळजवळ एकच मोठी नोकरी होती, ती लष्कराची. भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांतच महारांची लष्करभरती सरकारने बंद केली. म्हणजे बाप ज्या दाराने आत गेला होता ते दार मुलगा रांगता असतानाच लावले गेले. रामजींनी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यात सरकारी तलावाच्या कामावर रोकड सांभाळण्याची नोकरी धरली आणि मुलांना शिकविले. पुढे मुंबईत भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, तेव्हा कृष्णाजी अर्जुन केळुस्कर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, हे आपण जाणतोच. या केळुस्कर गुरुजींचे नाव लक्षात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या दरमहा २५ रुपयांच्या विद्यावेतनावर भीमराव १९१२ साली बी. ए. झाले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी बडोदे संस्थानाने त्यांना अमेरिकेस पाठविले, आणि करार असा झाला की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची. हा करार नीट पाहावा. आपला मुलगा नोकरीसाठी अर्ज घेऊन हिंडतो. बाबासाहेबांची नोकरी तर आधीच ठरलेली होती, कागदावर सही होऊन पक्की झालेली होती. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम. ए., पुढे डॉक्टरेटचा प्रबंध, मग १९१६ साली लंडन, तेथे अर्थशास्त्राचा आणि बॅरिस्टरीचा अभ्यास. मध्येच विद्यावेतनाची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. युद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती शत्रूच्या पाणबुडीने बुडविली, आणि जमविलेली पुस्तके समुद्रात गेली. सामानाची जी भरपाई मिळाली तिच्यातूनच बडोद्यास जाण्याचा खर्च भागविला, असे चरित्रकार सांगतात.

बडोद्यात काय झाले ते थोडक्यात. नेमणूक अकाउंटंट जनरलच्या कचेरीत. शिपाई कागद लांबून टाकीत. कचेरीत प्यावयास पाणी नाही. शहरात राहावयास जागा नाही म्हणून एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले, आणि अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेल्या पारशांचा जमाव दारात उभा राहिला. एका हिंदू मित्राकडे आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मिळतो का पाहिले; दोघांनीही आपापल्या अडचणी सांगितल्या. शेवटी गाडीची वेळ होईपर्यंत पाच तास एका सार्वजनिक बागेत काढून त्यांनी मुंबईची गाडी धरली.

येथे बहुतेक चरित्रकथा थांबतात. पण गोष्ट एवढ्यावर संपली नव्हती. केळुस्कर गुरुजींनी बडोद्याची नोकरी टिकावी म्हणून पुन्हा खटपट केली. तेथील एका प्राध्यापकाने आपल्या घरी पैसे घेऊन राहण्या-जेवण्याची सोय करण्याचे कबूल केले. बाबासाहेब पुन्हा बडोद्यास गेले. स्टेशनवरच चिठ्ठी मिळाली की घरच्या मंडळींना हे मान्य नाही. ते तसेच परत फिरले. एकदा अपमान होऊन घालवून दिलेल्या गावी मनुष्य दुसऱ्यांदा जातो, याचा अर्थ त्याला नोकरीची खरोखर गरज असते. घरी रमाई होत्या, लहानगा यशवंत होता, भावाच्या कुटुंबाचा भार होता. बाबासाहेबांनी तडकाफडकी स्वाभिमानाने राजीनामा फेकला अशी जी चित्रे रंगविली जातात, ती ऐकावयास बरी वाटतात. खरी हकीकत ही अशी आहे: त्यांनी नोकरी राखण्याचा दोनदा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा जात आडवी आली.

आता मुंबईत बसून त्यांनी आपल्याजवळ काय आहे याचा हिशेब केला असावा. नोकरी नव्हती, भांडवल नव्हते, वडिलार्जित काही नव्हते. मात्र अर्थशास्त्र येत होते, इंग्रजी उत्तम लिहिता येत होते, हिशेब समजत होते, आणि शिकविता येईल एवढे ज्ञान होते. या चारही गोष्टी त्यांनी एकेक करून बाजारात मांडल्या. एका पारशी गृहस्थाच्या ओळखीने दोन विद्यार्थ्यांची शिकवणी मिळाली. ज्या समाजाच्या लोकांनी बडोद्यात काठ्या उगारल्या त्याच समाजाच्या माणसाने मुंबईत हात दिला, हेही येथे नमूद केले पाहिजे. पुढे नवल भथेना या पारशी मित्राने तर त्यांना जन्मभर पुरेल असे साहाय्य केले.

शिकवणीच्या जोडीला त्यांनी एक पेढी काढली. भाग आणि रोखे यांत पैसा गुंतविणाऱ्या व्यापाऱ्यांना सल्ला द्यावयाचा, ही त्या पेढीची कल्पना. कोलंबियात आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेला मनुष्य त्या काळच्या मुंबईत असा कितीसा होता? धंदा चालावयास काहीच हरकत नव्हती. आणि आरंभी तो चालूही लागला. पुढे सल्ला देणारा हा गृहस्थ अस्पृश्य आहे असे कळले, आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. पेढी बंद करावी लागली.

बंधूंनो, या ठिकाणी जरा थांबू. नोकरी मिळाली नाही तर धंदा करा, असा उपदेश आपल्याला सर्व बाजूंनी केला जातो. उपदेश करणारे असे गृहीत धरतात की साहेब जात विचारतो पण गिऱ्हाईक विचारीत नाही. बाबासाहेबांच्या पेढीचा अनुभव उलटा आहे. कचेरीतला शिपाई निदान कागद तरी टाकीत होता. गिऱ्हाइकाने तेवढेही केले नाही, ते दुसऱ्या जिन्याने निघून गेले. त्याच्यावर फिर्याद करता येत नाही, अर्जही करता येत नाही. आपल्यापैकी ज्यांनी डोंबिवलीत किंवा कल्याणात शिकवणीचा वर्ग, विजेच्या दुरुस्तीचे दुकान, शिवणकाम, खाद्यपदार्थांची गाडी असे काही सुरू केले आहे, त्यांना हा अनुभव समजावून सांगण्याची गरज नाही. पाटीवर आडनाव घालावे की नाही, दुकानात बाबासाहेबांची आणि तथागतांची तसबीर समोर लावावी की आतल्या खोलीत, हे प्रश्न नवरा-बायको रात्री हळू आवाजात बोलतात. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. आम्ही म्हणणार नाही. बडोद्यास बाबासाहेबांनीही अकरा दिवस परक्या नावाने काढले होते, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले.

पेढी बुडाली त्या सुमारास, म्हणजे १९१८ साली, ते आणखी एक काम करीत होते. त्यात पैसा नव्हता. भारतातील लहान शेतजमिनींचा प्रश्न आणि त्यावरील उपाय या विषयावर त्यांनी एक प्रदीर्घ लेख लिहून अर्थशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. जमिनीचे तुकडे झाले म्हणून देश दरिद्री आहे असे त्या वेळचे पंडित म्हणत. बाबासाहेबांनी दाखविले की खरे दुखणे तुकड्यांत नाही. शेतीवर गरजेपेक्षा अधिक माणसे रिकामी बसून आहेत, त्यांना लावावयास भांडवल नाही आणि उद्योग नाहीत, हे खरे दुखणे आहे. रिकाम्या हातांविषयी हा लेख लिहिणाऱ्याचे स्वतःचे हात त्या वर्षी कोणत्या अवस्थेत होते, ते आपण पाहिलेच. पण लेखाने नाव झाले, आणि विद्येच्या धंद्यात नाव हेही भांडवलच असते.

त्याच वर्षी सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा निघाली. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांच्याशी लंडनमध्ये परिचय झालेला होता. त्यांची शिफारस उपयोगी पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये नेमणूक झाली. पगार दरमहा ४५० रुपये, जागा तात्पुरती. प्रारंभी विद्यार्थ्यांना या अस्पृश्य प्राध्यापकाविषयी आदर नव्हता. काही महिन्यांत दुसऱ्या कॉलेजांतील मुले परवानगी काढून त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र पाण्याच्या भांड्यावरून काही सहकाऱ्यांनी कुरकुर केलीच.

४५० रुपये म्हणजे त्या काळी लहान रक्कम नव्हे. या पगारावर मनुष्य परळची चाळ सोडून बरे घर घेऊ शकला असता. बाबासाहेब त्याच चाळीत राहिले. रमाईंनी काटकसरीने संसार चालविला आणि शिल्लक बाजूला पडत गेली. ही शिल्लक लंडनचा अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी होती. आपल्या धम्मात तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला मिळकतीची वाटणी समजावून दिली आहे: चार भाग करावेत, एक भाग खावा, दोन भाग कामधंद्यात घालावेत आणि एक भाग अडीअडचणीसाठी ठेवावा. कोलिय कुळातील दीघजाणू याने, आम्ही संसारी माणसे, आम्हाला कळेल असे सांगा, म्हणून विनविले तेव्हाही तथागतांनी प्रथम उद्योगात कुशल होणे आणि मिळविलेले राखणे याच गोष्टी सांगितल्या. पगाराचा मोठा भाग आपल्या कौशल्यात पुन्हा घालणारे हे प्राध्यापकाचे कुटुंब पाहिले की त्या वाटणीचा अर्थ कळतो. मात्र त्याची किंमत कोणी मोजली हेही पाहावे. ती अधिक करून रमाईंनी मोजली.

मार्च १९२० मध्ये प्राध्यापकी सोडली. त्याआधी ३१ जानेवारीला ‘मूकनायक’ सुरू झाले होते. भथेनांकडून पाच हजार रुपये कर्जाऊ घेऊन, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचीही मदत घेऊन ते जुलैमध्ये लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, आणि रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ मध्ये डी. एस्सी. एप्रिल १९२३ मध्ये परत आले तेव्हा पाच वर्षांपूर्वीचा प्रश्न पुन्हा पुढे होता. आता नोकरी की स्वतंत्र धंदा?

या वेळी त्यांनी नोकरीचे दार ठोठावले नाही. वकिलीची सनद काढावयाची तर फीसाठी पैसे नव्हते. ते पुन्हा भथेनांनी दिले. जुलै १९२३ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली.

परंतु बॅरिस्टरीचा धंदा कसा चालतो ते समजून घेतले पाहिजे, एरवी पुढचे कळणार नाही. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत, जेथे मोठ्या रकमांचे दिवाणी दावे चालत, तेथे अशील सरळ बॅरिस्टरकडे येत नसे. तो सॉलिसिटरकडे जाई, आणि कोणत्या बॅरिस्टरला काम द्यावयाचे ते सॉलिसिटर ठरवी. हे सॉलिसिटर श्रीमंत व्यापाऱ्यांच्या गोतावळ्यातले. त्यांनी परळच्या चाळीतल्या अस्पृश्य बॅरिस्टरला काम का द्यावे? म्हणजे भाग-रोख्यांच्या पेढीत जे घडले तेच येथेही घडावयास निघाले होते. फरक एवढाच की या खेपेस बाबासाहेबांनी बाजूची वाट धरली. अपिलाच्या शाखेत आणि जिल्ह्याच्या न्यायालयांत सॉलिसिटरचा उंबरठा ओलांडावा लागत नसे. तेथे फी थोडी, प्रवास पुष्कळ, अशील गरीब. पण तेथे न्यायाधीशासमोर उभे राहून उलटतपासणी करावयाची असते. कौशल्य सर्वांच्या देखत सिद्ध होते आणि निकाल लागतो. एक अशील सुटला की तो गावी जाऊन दहा जणांना सांगतो. सल्ल्याच्या पेढीत ही सोय नव्हती. तेथे सल्ला खरा ठरेपर्यंत गिऱ्हाइकाने विश्वास ठेवावा लागतो, आणि जातीच्या बाजारात तोच तर मिळत नव्हता. आमच्या मते दोन धंद्यांतला हा फरक फार मोलाचा आहे. ज्याची विजेची जोडणी रात्री दिवा लावून दाखविते, ज्याच्या वर्गातला मुलगा परीक्षेत उत्तीर्ण होऊन दाखवितो, त्याचे काम त्याच्या आडनावाआधी बोलू शकते. नेहमीच बोलते असे आम्ही म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, त्यांनी एकाच मिळकतीवर भिस्त ठेवली नाही. पहिली काही वर्षे वकिलीचे उत्पन्न बेताचेच होते. जून १९२५ पासून मार्च १९२८ पर्यंत ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी शिकविणाऱ्या संस्थेत व्यापारी कायद्यावर व्याख्याने देत होते. अर्थशास्त्र आणि कायदा ही दोन्ही कौशल्ये येथे एकत्र उपयोगी पडली. विद्यापीठाचे परीक्षक म्हणूनही काम करीत. जून १९२८ मध्ये शासकीय विधि महाविद्यालयात तात्पुरती प्राध्यापकी मिळाली. १९३५ साली त्याच महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले. शिकविण्याची ही कामे चालू असताना वकिलीची पाटी त्यांनी काढली नाही.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे अशील कोण? परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी होती. सभा १९२४ च्या जुलैमध्ये स्थापन झाली. तेथे गिरणीतले कामगार येत, कोकणातून वतनाच्या तक्रारी घेऊन माणसे येत, मारहाण झालेली येत. त्यांच्याजवळ द्यावयास फारसे काही नसे, आणि पुष्कळांचे काम बाबासाहेबांनी फी न घेता केले. याला कोणी धंदा म्हणणार नाही. पण ज्यांना दुसरा वकील दारात उभा करीत नव्हता त्यांना त्यांचा वकील मिळाला, आणि त्या कामातून जे नाव झाले ते ब्राह्मणेतर मंडळींपर्यंत पोचले. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदींवर खटला झाला. अपिलात त्यांचे काम बाबासाहेबांनी चालविले आणि आरोपी सुटले. आठ वर्षांपूर्वी ज्याच्या पेढीची पायरी लोक चढेनात, त्याच्याकडे आता वेगळ्या जातींचे नामांकित पुढारी स्वतः अशील म्हणून आले.

या स्वतंत्र मिळकतीने काय साधले ते १९२७ साली दिसले. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी हाती घेतले, ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघाले, ३ मे रोजी आपल्या ठाणे जिल्ह्यातच, कल्याणच्या पलीकडे बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले, डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली. बडोदे संस्थानचा दहा वर्षांच्या कराराचा नोकर यांपैकी किती गोष्टी करू शकला असता? तो करार पाळला गेला असता तर १९२७ साली त्याची दहा वर्षे पुरी होत होती. सरकारी अधिकाराच्या जागा पुढेही त्यांच्यासमोर आल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या, असे चरित्रकार लिहितात. वरिष्ठाची परवानगी घ्यावी न लागणे, हीच त्यांच्या वकिलीची मोठी कमाई होती. दादरच्या हिंदू कॉलनीतले राजगृह आणि त्यातला ग्रंथसंग्रह ही तिची डोळ्यांना दिसणारी बाजू.

तथापि यावरून कोणी असा अर्थ काढू नये की बाबासाहेबांनी आपल्या माणसांना नोकऱ्यांचा नाद सोडावयास सांगितले. असा अर्थ काढणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या राखीव जागा भरल्या न जाण्याचे काही वाटत नाही. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री म्हणून गेले. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अस्पृश्य वर्गासाठी सव्वाआठ टक्क्यांहून थोड्या अधिक जागा राखल्या गेल्या, त्या त्यांच्या आग्रहाने. आणि ज्या सेवायोजन कार्यालयांत आपल्या दोन पिढ्यांनी नावे नोंदविली, ती व्यवस्था युद्धाच्या अखेरीस, १९४५ च्या सुमारास, त्यांच्याच मजूर खात्याखाली उभी राहू लागली. स्वतःच्या दारात नोकरी न आलेल्या माणसाने इतरांसाठी नोकरीची दारे बांधली. धंदा हा त्या हक्काच्या बदल्यात घ्यावयाचा नाही. तो हक्काच्या बरोबरीने करावयाचा आहे. भांडवलाची अडचण असेल त्यांनी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या जिल्हा कचेरीत जावे. १९७८ साली राज्य सरकारने हे महामंडळ स्थापन केले, आणि अनुसूचित जातींबरोबर नवबौद्धांनाही त्याच्या कर्जयोजनांचा लाभ मिळतो. फेऱ्या घालाव्या लागतात हे आम्हाला ठाऊक आहे. कागद पुरे करून जावे, आणि दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय उठू नये.

बाबासाहेब असामान्य होते, आमचा मुलगा साधा आयटीआय झालेला, असे एक उपासिका आम्हाला म्हणाल्या. त्यांचे म्हणणे खरे आहे. पण आम्ही जी दहा वर्षे सांगितली त्यांत असामान्य बुद्धीने सुटलेले प्रश्न थोडेच आहेत. दोन मुलांची शिकवणी, बुडालेली पेढी, तात्पुरती जागा, साठविलेला पगार, मित्राचे कर्ज, सनदेच्या फीची अडचण, कमी पैशांचे खटले. आपल्या प्रत्येक घरातल्या वहीत अशाच नोंदी सापडतील.

ठाणेकरांसाठी एक हकीकत राहिली. ऑक्टोबर १९२८. सायमन कमिशन पुण्यात आले होते, आणि २३ तारखेस अस्पृश्य वर्गातर्फे बाबासाहेबांची साक्ष व्हावयाची होती. नेमका त्याच वेळी ठाण्याच्या सत्र न्यायालयात त्यांच्याकडे एक गंभीर फौजदारी खटला होता. शिक्षा फाशीपर्यंत जाण्याचा संभव होता. पुण्यास न जावे तर कोट्यवधी अस्पृश्यांचे गाऱ्हाणे मांडावयास कोण? आणि ठाण्याहून निघून जावे तर ज्या माणसांनी आपला जीव या वकिलाच्या हाती दिला त्यांचे काय? पगारी माणसाला अशा वेळी रजेचा अर्ज तरी करता येतो. ज्याने स्वतःच्या पाटीखाली काम घेतले त्याला तीही सोय नसते. बाबासाहेबांनी अशिलांना सोडले नाही आणि साक्षही सोडली नाही. सरकारी पक्षाचे भाषण आधी आणि बचावाचे नंतर, असा जो क्रम चालावयाचा होता तो बदलून आपले भाषण आधी ऐकून घ्यावे, अशी विनंती त्यांनी न्यायाधीशांना केली. सरकारी वकील काय बोलणार हे ऐकण्यापूर्वीच बचाव मांडावयाचा, ही वकिलाच्या दृष्टीने मोठी जोखीम होती. न्यायाधीशांनी परवानगी दिली. बाबासाहेबांनी बचावाचे भाषण पुरे केले आणि ते पुण्यास गेले. खटल्याचा निकाल लागला तेव्हा बहुतेक आरोपी निर्दोष सुटले.